पाटीवरच्या तीन खुणा

माझी पाणबुडीवरची पोस्टिंग ऑर्डर घरी आली, त्याच सकाळी आमच्या भाताच्या खाचरात सर्व्हेवाले खुंट्या मारत होते. सत्तरचं दशक अर्ध्यावर आलं होतं. खाडीच्या या बाजूला नवं शहर होणार होतं, म्हणून करावे, दारावे, नेरूळ, जिकडं बघावं तिकडं खुंट्याच. आईला दोन्ही बातम्या एका वेळेला कळल्या. जमीन जाणार आणि मुलगा पाण्याखाली जाणार. जमिनीबद्दल तिनं काही विचारलं नाही. मला मात्र विचारलं, "पान्याचे खाली जातंस, तं मासोली तरी आनशील का नाय?"

"आये, ती लढाईची बोट हाय."

"मंग लढाई नसंल तवा आन."

पंधरा वर्षं नौदलात काढली, त्यातली बरीचशी पाणबुडीवर. एकदाही मासोळी आणली नाही. हे आई अजून ऐकवते.

आमच्या नेरूळच्या सोसायटीची स्मरणिका निघते आहे. सेक्रेटरी म्हणाले, पाटील, तुमच्या सैनिकी आठवणी लिहा, मुलांना स्फूर्ती मिळेल. माझ्याकडून कुणाला स्फूर्ती मिळावी, असा माझा कधी समज नव्हता. घरात माझी ख्याती गोष्टी सांगणारा माणूस अशी आहे. जेवणं झाली की मुलं म्हणतात, बाबा, हातोड्याची सांगा. बाबा, वासाची सांगा. आधी त्याच सांगतो, कारण त्या मला सांगता येतात.

हातोड्याची अशी. आमची बोट रशियन बनावटीची, तिच्यासोबत रशियन रीतीही आल्या. पहिल्यांदा खोल पाण्यात बुडी मारली की नव्या माणसानं दिव्याच्या काचेच्या टोपणात समुद्राचं पाणी भरून एका दमात प्यायचं. मग दोरीला टांगलेला, ग्रीस फासलेला मोठा हातोडा झुलवतात. तो जवळ आला की त्याचं चुंबन घ्यायचं. कसब वेळ साधण्यात आहे. मी वेळ साधली नाही. माझा पुढचा दात अर्धा आहे, तो युद्धात गेला असं बायकोच्या माहेरी अजून समजतात. मी ते खोडून काढलेलं नाही.

वासाची अशी. डिझेल, घाम, उकडलेला कोबी आणि ओली गादी, यांचा मिळून एक वास होतो. गोडं पाणी पिण्यापुरतं, आंघोळ नाही. एका बंकवर दोघं. एक ड्यूटीवर गेला की दुसऱ्यानं त्याच्या उबेत झोपायचं. वीस दिवसांनी घरी आलो की बायको दारातच थांबवायची. कपडे तीन दिवस गच्चीवर. शेजारच्या बाईंनी एकदा विचारलं, तुमचे मिस्टर गॅरेजमध्ये आहेत का? बायको म्हणाली, हो, पाण्याखालच्या.

इथं मुलं हसतात आणि मी गोष्ट थांबवतो. आजवर दर वेळी इथंच थांबवत आलो.

माझ्या बंकमधला दुसरा माणूस म्हणजे प्रल्हाद गायकवाड, लीडिंग इलेक्ट्रिकल मेकॅनिक. मी पेटी ऑफिसर, त्याचा सीनियर. तो मूळचा मराठवाड्याकडचा. वडील ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात फिटर, राहायला वाशी. माझ्याहून सात वर्षांनी लहान आणि डोक्यानं पंधरा वर्षांनी मोठा. मला दादा म्हणायचा. मी त्याला पल्या म्हणायचो. सुट्टी लागली की आम्ही दोघं एकाच बसनं खाडीपूल ओलांडायचो. तो वाशीला उतरायचा, मी पुढं जायचो. उतरताना नेहमी म्हणायचा, "दादा, आधी आंघोळ, मग पोरांचे मुके."

आमच्या बोटीचं सगळं दुखणं श्वासाचं होतं. सिव्हिलियन माणसाला वाटतं पाणबुडी म्हणजे कायम पाण्याखाली असणारी बोट. तसं नाही. डिझेल इंजिनाला हवा लागते. खोल पाण्यात हवा नाही, म्हणून तिथं बॅटरीवर चालायचं. बॅटरी उतरली की वर यायचं, पाण्याबाहेर एक जाड नळी काढायची, तिच्यातून हवा ओढून डिझेल चालवायचं आणि बॅटरी पुन्हा भरायची. त्या नळीला स्नॉर्ट म्हणतात. मोठी लाट आली की नळीचं तोंड आपोआप बंद होतं. मग इंजिन बोटीतलीच हवा ओढतं आणि सगळ्यांच्या कानांत दडे बसतात. शत्रूच्या विमानाला आम्ही दिसतो ते त्याच वेळी. जुन्या काळच्या पाणबुड्या तर बराच वेळ पाण्यावरच असायच्या, गरजेपुरती बुडी मारायच्या. आमची थोडी सुधारलेली. पण बुडी मारणारी म्हैसच. नाक वर काढल्याशिवाय तिला गत्यंतर नव्हतं.

ऐंशीनंतर आमच्यात कुजबूज सुरू झाली. आपण रशियाकडून अणुशक्तीवर चालणारी पाणबुडी काही वर्षांसाठी घेणार. माणसं निवडून ट्रेनिंगला तिकडं पाठवणार. तेव्हा हे बोलायचीही चोरी होती. आज पेपरात फोटोसकट छापून आलं आहे, म्हणून लिहितो.

अणुबोट मला पल्यानं समजावली, ती वाशीला त्याच्या घरी, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून. सुनंदावहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, कुकर लावला होता.

"दादा, समजा हा कुकर कधी गॅसवर ठेवायलाच लागला नाही. आतच असं काहीतरी आहे, जे फुटत राहतं आणि तापत राहतं. वर्षानुवर्षं. त्यानं पाण्याची वाफ झाली, वाफेनं चाक फिरलं, चाकानं बोट चालली. हवा कुठं लागली?"

"नाही लागली."

"मग वर कशाला यायचं?"

"कशाला?"

"माणसं जेवतात म्हणून. शिधा संपला की यायचं. नाहीतर यायचंच नाही."

वहिनी आतून म्हणाल्या, "शिट्ट्या मोजताय का कुणी? की रशियाला पोचलात दोघं?"

भात लागला होता. मला अणुशक्तीतलं कळलं ते तेवढंच. पण अर्ज मी केला. पल्यानंही केला. मला वाटलं, सीनियर मी, अनुभव माझा. रशियन भाषेचं पुस्तक आणलं. दोन महिन्यांत मला 'नमस्कार', 'धन्यवाद' आणि 'कोबी' इतकं येऊ लागलं. पल्या व्हॉल्व्हवरच्या रशियन पाट्या वाचून चीफला दुरुस्त्या सांगायला लागला होता. लेखी परीक्षा झाली, मेडिकल झालं. मग आम्ही समुद्रावर गेलो आणि निकालाची वाट बघू लागलो.

आता त्या दिवसाबद्दल.

समुद्रावरचा पाचवा दिवस. सकाळी सात वाजता स्नॉर्ट वर काढून चार्जिंग सुरू झालं. साडेदहाला संपलं. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन निघतो. हायड्रोजन म्हणजे आमचा मोठा वैरी, एक ठिणगी पुरे. त्यामुळे चार्जनंतर ठरलेला वेळ पंखे चालवायचे, मीटर बघायचा, मगच बॅटरीच्या खड्ड्यात माणूस सोडायचा. या खड्ड्याला आम्ही पिट म्हणत असू. चौथ्या कंपार्टमेंटच्या जमिनीखाली तो होता. वर मेस, एका बाजूला गॅली, म्हणजे स्वयंपाकघर. जमिनीतलं झाकण उघडून शिडीनं खाली उतरायचं. शंभराच्या वर सेल, त्यांच्यावर हातभर जागा. लाकडी ट्रॉलीवर पालथं झोपून सरपटत जायचं आणि नमुन्याच्या सेलमधल्या ॲसिडची घनता मोजायची. अंगठी, घड्याळ, पट्टा, सगळं वर काढून ठेवायचं.

आमच्या बोटीवर एक रीत होती. पुस्तकात ती नव्हती, चीफ यादवांनी घालून दिलेली. यादव हरियाणाचे, इलेक्ट्रिकलचे चीफ पेटी ऑफिसर. पिटमध्ये जाणाऱ्याच्या कमरेला सुती दोरी बांधायची. दुसरं टोक झाकणापाशी बसलेल्या माणसाच्या हातात. दर दोन मिनिटांनी वरच्यानं दोन झटके द्यायचे, खालच्यानं दोन परत द्यायचे. परत आले की पाटीवर खडूनं वेळ लिहून पुढं खूण करायची. झटके परत आले नाहीत तर विचारायचं नाही, ओढायचं. यादव सांगायचे, "रस्सी हाथ में रहेगी। हाथ में, समझे? खूँटी पे नहीं।"

मीटर बघितला. हायड्रोजन ठीक. अकरा वाजून पाच मिनिटांनी पल्या खाली उतरला. घड्याळ माझ्याकडं देताना म्हणाला, "सांभाळा. सासऱ्याचं आहे."

११:०७, दोन झटके, दोन परत. ११:०९. ११:११. ११:१३. ११:१५. ११:१७.

११:१७ ची खूण केली, तेवढ्यात तिसऱ्या कंपार्टमेंटच्या गोल दारातून कुट्टीनं डोकं काढलं. कुट्टी रेडिओवर असायचा. बोट अजून पेरिस्कोपच्या खोलीवर होती, एरियल वर होती, सिग्नल येत होते.

"पाटील! लिस्ट आ गया। रशिया का लिस्ट।"

"कोण आहे त्यात?"

"आके देख ना!"

दारापासून रेडिओच्या केबिनपर्यंत पंधरा पावलं. मी हिशेब केला. जायचं, बघायचं, यायचं, पुढच्या झटक्याच्या आत परत. दोरी शिडीच्या वरच्या पायरीला बांधली. दोन गाठी मारल्या. गॅलीत कुक पाठमोरा कांदे चिरत होता. त्याला काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं वाटलं नाही.

केबिनमध्ये कुट्टीनं कागद पुढं केला. आमच्या बोटीवरून इलेक्ट्रिकलचा एकच माणूस घेतला होता. गायकवाड पी., लीडिंग इलेक्ट्रिकल मेकॅनिक. खाली आणखी दोन बोटींची नावं. पाटील नाही.

मी पुन्हा वाचला. पाटील नाही.

इथून मागं फिरलो असतो तर दोन मिनिटं पुरली असती. मी फिरलो नाही. कुट्टीला म्हटलं, "सिग्नल पूर्ण आलाय का? पुढं अजून एखादी ओळ असेल."

"पूरा है।"

"परत तपास."

त्यानं तपासला. पूर्ण होता. मी म्हटलं, रिझर्व्हची यादी वेगळी येत असेल. तो म्हणाला, येत असेल. मी तिथंच उभा राहिलो. काय करत होतो, ते इतक्या वर्षांनी एका शब्दात सांगता येतं. रुसलो होतो. पस्तिशी ओलांडलेला, दोन मुलांचा बाप, पेटी ऑफिसर, एका ज्युनियरवर रुसून पाण्याखाली उभा होता. परत जाऊन त्याला हसून सांगायचं होतं. तो चेहरा तयार व्हायला वेळ लागत होता.

चेहरा तयार झाला तेव्हा मी केबिनमधून निघालो. भिंतीवरच्या घड्याळात ११:२५ झाले होते.

झाकणापाशी वाकून मी ओरडलो, "पल्या, ये वर! कोबी खायला चाललास तू!"

उत्तर नाही.

दोरीला दोन झटके दिले. परत आले नाहीत. आणखी दोन दिले. ओढली. दोरी ताणली गेली आणि अडकली.

मी शिडीवर पाय टाकला. मागून कुणीतरी कॉलर धरून वर खेचलं. चीफ यादव.

"सेट पहले।"

"चीफ, तो आत..."

"सेट पहले, पाटील। दो को नहीं निकालूँगा मैं।"

त्यांनीच इंटरकॉम उचलला.

"कंट्रोल, फोर. कॅज्युअल्टी इन बॅटरी पिट. वन मॅन."

"फोर, कंट्रोल. रॉजर. सरफेसिंग."

श्वसनाचा सेट चढवायला मला नव्वद सेकंद लागले. ड्रिलमध्ये साठ लागायचे. खाली गेलो. पल्या पार टोकाला होता, ट्रॉलीवर पालथा, गाल सेलच्या झाकणावर टेकलेला. घनता मोजायची काचेची नळी हातात शाबूत. दोरी एका ब्रॅकेटमध्ये गुंतली होती. ती सोडवली. वरून यादवांनी आणि कुकनं ओढलं. ११:३२ ला तो मेसच्या जमिनीवर होता. मेडिकल असिस्टंटनं छाती दाबायला सुरुवात केली. बोट पृष्ठभागावर आली होती, वरचं हॅच उघडलं होतं, ताजी हवा आत येत होती. १२:२० ला मेडिकल असिस्टंट थांबला. त्यानं घड्याळात बघितलं आणि कॅप्टन साहेबांकडं बघितलं. कॅप्टन साहेबांनी टोपी काढली.

सगळे बाजूला झाले. यादव पल्याशेजारी जमिनीवर बसून राहिले होते. मी झाकणापाशी गेलो. पाटी तिथंच टेकवून ठेवलेली. शेवटची नोंद ११:१७. मी खडू उचलला. ११:१९ लिहिलं, खूण केली. ११:२१, खूण. ११:२३, खूण. अक्षर वरच्यासारखंच आलं.

पुढं गॅस कुठून आला ते सापडलं. चार दिवस आम्ही कुकची टर उडवत होतो. त्याचा फ्रीज गार होत नव्हता. मटण वास मारायला लागलं होतं. मी मोटर तपासून सांगितलं होतं, मोटर ठीक आहे, गॅस कमी झालाय, भरून घ्या. इंजिनवाल्यांनी भरला. दोन दिवसांत परत कमी झाला. परत भरला. कुणी म्हणालं, कुक गॅस पितो. सगळे हसले. मी जास्त हसलो. गेलेला गॅस कुठं गेला, हे कुणी विचारलं नाही. पाइपच्या जोडाला केसाएवढी चीर होती. फ्रीजचा गॅस हवेपेक्षा जड. त्याला वास नाही, रंग नाही. तो खाली उतरत गेला आणि पिटच्या टोकाला साचून राहिला. हायड्रोजन वर जातो, म्हणून आमचे पंखे वरची हवा ओढायचे आणि मीटरही वरच लावलेला. सगळी नजर वरच्या वैऱ्यावर होती. पल्या सरपटत त्या टोकाला पोचला आणि झोपल्यासारखा निपचित झाला.

बोर्ड ऑफ इन्क्वायरी बसलं. टेबलामागं तीन ऑफिसर.

"तुम्ही जागा सोडली होती?"

"हो सर."

"किती वेळ?"

पाटी टेबलावरच होती.

"दोन मिनिटं, सर. ११:२३ ला झटके परत आले. त्यानंतर गेलो."

कुट्टीला विचारलं. तो म्हणाला, दोन-तीन मिनट होगा सर, घडी नहीं देखा. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. त्यानंतर तो माझ्याशी कधी बोललाही नाही.

बोर्डानं डॉक्टरांना विचारलं, बेशुद्ध झाल्यावर दोन मिनिटांत ओढला असता तर? डॉक्टर म्हणाले, बहुधा उठून बसला असता. आठ-दहा मिनिटांनंतर कठीण. पण इथं ११:२३ नंतर दोनच मिनिटांत तो निपचित झाला, तेव्हा गॅस फार दाट असावा. निष्कर्ष तसाच लिहिला गेला. चूक पाइपच्या जोडाची. दोरी बांधून ठेवल्याबद्दल मला ताकीद मिळाली, कागदावर एक ओळ. यादवांनी मात्र पाटीकडं बराच वेळ बघितलं होतं. मला काही विचारलं नाही. फक्त त्या दिवसानंतर झाकणापाशी ते स्वतः बसायला लागले. निवृत्त होईपर्यंत दोरी दुसऱ्या कुणाच्या हातात दिली नाही.

वाशीला वहिनींकडं गेलो, ते पंधरा दिवसांनी. बुद्धवंदना होऊन गेली होती. पल्याचे वडील खुर्चीत बसून होते. पोरगी, स्नेहा, तेव्हा तीन वर्षांची, माझ्या मांडीवर येऊन बसली. सासऱ्याचं घड्याळ मी परत दिलं. वहिनींनी एकच प्रश्न विचारला.

"भाऊजी, त्यांना यादीचं कळलं होतं का हो?"

मी म्हटलं, "हो वहिनी. मी वरून ओरडून सांगितलं. आतून हसल्याचा आवाज आला."

त्यांनी पदर तोंडाला लावला. पल्याचे वडील म्हणाले, "चला. तेवढं तरी झालं."

त्या घरात पुढची पाच वर्षं मी येत-जात राहिलो. स्नेहाला पहिलीत घालताना होतो. गळकी टाकी, जळलेले फ्यूज, सगळं मी केलं. वहिनी शाळेत शिक्षिका झाल्या. मी बोटीवरून किनाऱ्यावर बदली मागून घेतली, नंतर नोकरीच सोडली. अणुबोटीच्या ट्रेनिंगला पल्याच्या जागी दुसऱ्या बोटीवरचा माणूस गेला. रिझर्व्हची यादी खरंच होती. तिच्यातही मी नव्हतो.

परवा पेपरात अणुबोटीचा फोटो आला. काळी, गुळगुळीत, मोठी. सोसायटीतली मुलं तो घेऊन आली. "काका, तुम्ही नाही गेलात होय हिच्यावर?" मी सवयीनं म्हटलं, "माझं रशियन कच्चं. कोबीच्या पुढं गेलंच नाही." मुलं हसली. माझी मुलगीही हसली. मी कागद घेऊन ही आठवण लिहायला बसलो आणि हातोडा आणि वास झाल्यावर हात अडला.

रविवारी सकाळी बसनं वाशीला गेलो. वहिनी दारातल्या उजेडात सहामाहीचे पेपर तपासत होत्या. स्नेहा खाली खेळायला गेली होती. पल्याचे वडील गेल्या वर्षी वारले.

"बसा भाऊजी. चहा ठेवते."

"आधी ऐका."

मी सांगितलं. वर लिहिलं आहे तसंच, वेळांसकट. दोरी, कुट्टी, यादी, रुसवा, पाटी. सोसायटीच्या अंकासाठी हे लिहायला घेतलंय, तेही सांगितलं. त्यांनी लाल पेन हातातच धरलं होतं.

"म्हणजे आठ मिनिटं."

"आठ."

"आणि डॉक्टरांना दोन सांगितलीत."

"हो."

"आणि ते हसणं?"

मी मान हलवली. "मी बोलावलं तेव्हा आतून काहीच आलं नाही, वहिनी."

त्या उठल्या. आत गेल्या. पाण्याचा नळ सुरू झाल्याचा आवाज आला, बंद झाल्याचा आला. परत येऊन पुन्हा त्याच जागी बसल्या.

"मामंजी जायच्या आधी तेच म्हणत होते. पल्या हसला होता म्हणून. आणि पोरीला मी दर वाढदिवसाला सांगते, बाबांना कळलं तेव्हा बाबा हसले होते. तिनं शाळेत निबंधात लिहिलंय." त्यांनी समोरचे पेपर सारखे केले. "आता सांगून तुम्ही हलके झालात. मी काय करू?"

आजवर मी प्रत्येक गोष्टीवर काहीतरी विनोद करत आलो होतो.

"त्या मासिकात छापणार आहात?"

"स्मरणिका आहे. तुम्ही म्हणालात तर फाडतो."

त्यांनी पुढचा पेपर उचलला. एका उत्तरावर फुली मारली.

"फाडू नका. आठ लिहा. पोरीला मी सांगेन, तुम्ही नको." आणि मग, मान वर न करता, "महिनाभर येऊ नका इकडं. टाकी गळली तर प्लंबर आहे खाली."

मी उठलो. दारात चप्पल घालताना स्नेहा जिन्यावरून धावत वर आली. "काका, एवढ्यात चाललात?" मी म्हटलं, हो. तिच्या आईनं तिला आत बोलावलं.

म्हणून स्फूर्तीच्या पानावर हे लिहून देतो आहे. सेक्रेटरींनी छापलं नाही तरी माझ्या मुलांनी वाचावं. त्यांना गोष्ट आजवर अर्धीच मिळाली.

प्रल्हाद गायकवाड. लीडिंग इलेक्ट्रिकल मेकॅनिक. वय एकोणतीस. समुद्रावर, ड्यूटी करताना, पाणबुडीच्या चौथ्या कंपार्टमेंटमध्ये मृत्यू. शेवटचे झटके परत दिल्याची वेळ ११:१७. बाहेर काढल्याची वेळ ११:३२. मधली आठ मिनिटं दोरी कुणाच्याही हातात नव्हती. ज्याच्या हातात असायला हवी होती, तो मी.

अणुबोटीच्या यादीत आमच्या बोटीवरून त्याचं एकट्याचं नाव होतं. त्याला ते कळलं नाही.